रांगेला प्रदक्षिणा

दारात बुटांचा आणखी एक जोड सापडला तेव्हा मुरलीधर टिपणीसांनी बायकोला हाक मारली.

"सुनेत्रा, बाहेर ये. आज गमबूट आलेत."

हिरवे, पुरुषी मापाचे, धुऊन पुसून पायपुसण्यावर नीट जोडून ठेवलेले. त्याआधी फुलाफुलांचे कॅनव्हासचे बूट येऊन गेले होते आणि त्याच्या आधी मऊ लोकरीच्या सपाता.

"कुणी ठेवले असतील हो?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"कुणी ठेवले ते माहीत नाही. का ठेवले ते कळतंय. अख्ख्या रस्त्याला वाटतंय, पेन्शन मिळूनही हा माणूस बायकोला चपला घेऊन देत नाही."

तेवढ्यात वॉटफर्डहून लेकीचा, आश्लेषाचा फोन आला. आश्लेषा जन्मली इथे, कार्डिफमध्येच. तिचं मराठी आईवडिलांच्या प्रेमापोटी जिवंत राहिलं होतं, व्याकरणाच्या जिवावर नव्हे.

"आई, तुमचा शेजारची बाई मला मेसेज केली. ग्लेनिस. ती म्हणते, तुझी आई रोज रस्त्यावर बिनाचप्पल फिरतो. आर यू टू ओके फॉर मनी? बाबाला कन्फ्युजन झाली आहे का?"

"बाबाला काही झालेलं नाही," मुरलीधर फोनमध्ये वाकून म्हणाले. "तुझ्या आईचा नवस आहे."

"नवस म्हणजे ते गॉडशी डील?"

"डील नाही गं," सुनेत्राबाई म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "बरं, डीलच समज."

ही डील झाली होती त्या वर्षीच्या वसंतात, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. आत मुरलीधरांची बायपास चालली होती. बाहेर सुनेत्राबाई मशीनमधल्या चहाचा कप धरून बसल्या होत्या. तो चहा त्यांनी प्यायला नाही, टाकलाही नाही. तास उलटत गेले तसं त्यांचं मन घरच्या देव्हाऱ्यातल्या पितळी गणपतीकडे गेलं आणि त्या मनातल्या मनात म्हणाल्या, बाबा रे, या माणसाला घरी आण. तो तुला मानत नाही हे मला माहीत आहे, पण मी मानते ना, आम्हा दोघांत मिळून भागव. सगळा चातुर्मास मी तुला रोज अनवाणी प्रदक्षिणा घालीन.

मुरलीधर घरी आले. हॉस्पिटलच्याच लॅबमध्ये त्यांनी आयुष्यभर नोकरी केली होती, त्यामुळे आपण का वाचलो हे त्यांना रिपोर्टवरून सांगता येत होतं. नागपूरला कॉलेजात असल्यापासून ते नास्तिक. नावात खुद्द कृष्ण असल्याबद्दल मित्रांनी केलेले विनोद त्यांना पाठ होते आणि नवा माणूस भेटला की ते स्वतःच आधी सांगून टाकत.

नवसाची खरी अडचण चातुर्मास लागल्यावर उघड झाली. देव्हारा स्वयंपाकघरात, भिंतीतल्या कपाटात होता. त्याच्याभोवती फिरायला जागाच नव्हती.

"शास्त्रात सोय आहे," मुरलीधर म्हणाले. शास्त्रातल्या सोयी त्यांना सुनेत्राबाईंपेक्षा जास्त माहीत असत. "देवासमोर उभं राहून स्वतःभोवती गिरकी घ्यायची. झाली प्रदक्षिणा."

"तुमची छाती उभी कापली त्या लोकांनी. आणि मी काय देऊ, तर जागच्या जागी एक गिरकी? माझं मला बरं दिसेल का ते?"

"मग घराला फेरी मार."

ते थट्टेत बोलून गेले, पण सुनेत्राबाईंना ते पटलं. घराला फेरी म्हणजे आतल्या देवाला फेरी. त्या चपला काढून बाहेर पडल्या आणि फुटपाथवर थांबल्या. त्यांचं घर एका लांब रांगेतलं, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या. आपल्या घराला फेरी मारायची तर इथून टोकापर्यंत जायचं, कोपऱ्यावरून वळायचं, मागच्या लेनने सगळ्यांच्या परसदारांमागून उलट यायचं आणि दुसऱ्या टोकाने पुन्हा समोर. थोडक्यात, सगळ्या रांगेला फेरी.

"असू दे," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि देव उजव्या हाताला ठेवून चालू लागल्या.

समोरचा रस्ता ठीक होता. मागची लेन मात्र त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. पूर्वी तिथून कोळसा यायचा म्हणे. आता तिथे सगळ्यांचं नकोसं झालेलं सामान येऊन पडत होतं. फुटक्या बाटल्या, एका चाकाची बाबागाडी, पावसाने फुगलेलं कार्पेट, कुत्र्यांची कृपा. चपला असत्या तर नाक दाबून भरभर गेल्या असत्या. पण अनवाणी माणसाला प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं. सुनेत्राबाईंनी त्या दिवशी लेन अशी पाहिली जशी ती तिथे राहणाऱ्या कुणी पाहिली नसेल.

दुसऱ्या दिवशी त्या कचरा उचलायचा लांब चिमटा आणि पिशवी घेऊन गेल्या. स्वच्छतेचं व्रत वगैरे काही त्यांच्या मनात नव्हतं. पायात काच घुसू नये इतकाच हेतू होता. रोज त्या पाऊल ठेवण्यापुरती जागा करायच्या आणि पुढे सरकायच्या.

एकदा लेनमधून जाताना वरची एक खिडकी खाडकन उघडली आणि ग्लेनिसचं पांढरं डोकं बाहेर आलं.

"सुनेत्रा! ते गमबूट बसले नाहीत का तुला? माझ्या एम्रिसचे आहेत, चांगले आहेत गं."

ग्लेनिस रांगेतली सगळ्यात जुनी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे गेलेले, पण रविवारचं चॅपल चुकायचं नाही. सुनेत्राबाईंनी मान वर करून तिला सगळं समजावलं. नवऱ्याचं ऑपरेशन, नवस, कपाटातला देव, रांगेतलं घर.

ग्लेनिसने सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे तू तुझ्या देवाभोवती फिरतेस."

"हो."

"पण मी तुझ्या शेजारी राहते. म्हणजे तू माझ्याही भोवती फिरतेस?"

सुनेत्राबाईंनी या बाजूने विचारच केला नव्हता. "तसंच होतं खरं. मध्ये तुम्ही सगळेच येता."

"अरे देवा," ग्लेनिस म्हणाली आणि लाजली. "एम्रिस गेल्यापासून माझ्याभोवती कुणी फिरलेलं नाही."

संध्याकाळी ग्लेनिसच्या परसदाराची कडी बऱ्याच वर्षांनी वाजली. दार वीतभर उघडलं आणि अडलं, कारण बाहेर कुणाचं तरी जुनं कपाट टेकवलेलं होतं. त्या फटीतून एक केरसुणी बाहेर आली आणि पोहोचेल तेवढी जागा झाडून आत गेली.

टोकाच्या घरातली होदान त्यानंतर सामील झाली. होदान बस चालवायची. तिचे आईवडील सोमालियातून आलेले, ती स्वतः पक्की कार्डिफकर. सपाता तिनेच ठेवल्या होत्या हे तिने कबूल केलं, आणि परत मागितल्या, कारण त्या तिच्या आवडीच्या होत्या.

"ही काच काढायला हिंदू असावं लागतं का?" तिने विचारलं.

"नाही बाई."

"मग रविवारी मी येते. माझ्या पोरांना सायकल चालवायला जागा नाही. आणि आमच्यात स्वच्छता म्हणजे अर्धा धर्म."

"आमच्या चॅपलमध्येही असंच काहीतरी म्हणतात," ग्लेनिस फटीतून म्हणाली. "पण बहुतेक आम्हीच आधी म्हटलं असावं."

यावरून दोघींची रविवारी बरीच चर्चा झाली. सुनेत्राबाई त्यात पडल्या नाहीत. कपाट तेवढ्या वेळात हललं.

मुरलीधर हे सगळं खिडकीतून बघत होते. लेनकडे ते फिरकत नव्हते, आणि सुनेत्राबाईंना वाटायचं, ऑपरेशनमुळे जपत असतील. खरं कारण ऑगस्टमध्ये कळलं.

लेनच्या मध्यावर फांद्या आणि प्लास्टिकचा एक ढीग होता. होदानने तो ओढला तेव्हा खालून एक आरामखुर्ची निघाली. तपकिरी, डाव्या हातावर चहाच्या कपाचा गोल डाग. सुनेत्राबाई बघतच राहिल्या. तो डाग त्यांनी स्वतः लिंबू आणि सोड्याने घासघासून फिकट केला होता. ही खुर्ची दोन वर्षांपूर्वी मुरलीधरांनी चॅरिटी शॉपला दिली होती. निदान तसं सांगितलं होतं.

त्या खुर्चीत बसल्या.

"काय झालं?" होदानने विचारलं.

"काही नाही. आमचीच आहे. जरा त्यांना बोलाव."

होदान बोलवायला गेली. ग्लेनिसने आता पूर्ण उघडणाऱ्या दारातून चहा आणून दिला. मुरलीधर लेनच्या तोंडाशी आले तेव्हा त्यांची बायको भर लेनमध्ये, अनवाणी पाय एकावर एक टाकून, त्यांच्याच आरामखुर्चीत बसून चहा पीत होती.

"चॅरिटीवाले फारच उदार दिसतात," ती म्हणाली. "घरपोच परत दिली."

मुरलीधरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "त्यांनी घेतली नाही गं. आगीपासून सुरक्षित असल्याचं लेबल नव्हतं तिला. टिपवर, कचरा डेपोत न्यायची तर गाडीत मावेना. मग एक व्हॅनवाला म्हणाला, मी विल्हेवाट लावतो."

"लावली की. आपल्याच मागच्या दाराशी."

"मला तेव्हा माहीत नव्हतं."

"आणि नंतर?"

मुरलीधरांनी पुन्हा चष्मा काढला. नंतर त्यांना माहीत होतं. बेडरूमच्या खिडकीतून ती खुर्ची दिसायची, म्हणून त्यांनी त्या वर्षी जाड पडदे लावून घेतले होते.

रात्री ते जेवायला बसले. मग म्हणाले, "तुला खरंच वाटतं, मला त्याने वाचवलं? सर्जनने नाही?"

सुनेत्राबाईंनी त्यांच्या ताटात आमटी वाढली. "सर्जनला मी थँक्यू कार्ड दिलं, नर्सेसना चॉकलेट दिलं. तुमचा नंबर लवकर लावणाऱ्या त्या रिसेप्शनच्या मुलीलासुद्धा दिलं. सगळ्यांचे आभार मानून झाले तरी माझ्याकडे अजून उरलेच होते. ते कुठे नेऊन देऊ? तुम्ही सांगा, तुमच्या शास्त्रात त्याला काही जागा आहे का?"

मुरलीधरांनी या प्रश्नाचा विचार केला. त्यांना उत्तर आलं नाही, आणि उत्तर आलं नाही की ते कामाला लागत. दुसऱ्या दिवसापासून ते सुनेत्राबाईंच्या मागे दहा पावलांवर चालू लागले, पायात बूट, हातात पिशव्या. सोबत कशाला, असं ग्लेनिसने विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. बाकी माझा या प्रकाराशी संबंध नाही." पण आरामखुर्ची टिपवर न्यायला होदानच्या भावाची मोठी गाडी त्यांनीच ठरवली, आणि जाताना वाटेतलं कार्पेटही उचलून नेलं.

ऑगस्टच्या शेवटापर्यंत लेन जवळजवळ मोकळी झाली. उरल्या फक्त गाद्या. रांगेतल्या चार घरांत विद्यार्थी राहायचे आणि दर उन्हाळ्यात घरं रिकामी झाली की जुन्या गाद्या मागच्या लेनमध्ये येऊन पडायच्या. तशा त्या यंदाही पडल्या, झाडून काढलेल्या जागेवर, भिजलेल्या, एकावर एक. सुनेत्राबाई रोज कशाबशा त्यांच्यावरून चढून फेरी पुरी करायच्या.

त्या घरांचा मालक कोण हे होदानने शोधून काढलं. नाव ऐकून सुनेत्राबाईंनी ते तिला पुन्हा म्हणायला लावलं. नंदू कारखानीस. हा त्यांच्यातलाच. पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेला, मग घरं घेऊन भाड्याने देऊ लागलेला. कार्डिफमधली काही मराठी कुटुंबं मिळून हॉल घेऊन गणपती बसवत, त्या उत्सवाचा नंदू प्रमुख. सगळे त्याला कौतुकाने नंदूशेठ म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. मखर त्याच्याकडून, मोदक त्याच्याकडून, आणि आरतीत सगळ्यात वरचा सूरही त्याचाच.

मुरलीधरांनी त्याला मेसेज केला. नंदूने लगेच हात जोडल्याची खूण पाठवली आणि लिहिलं, "नक्की बघतो काका, एजंटला सांगतो." गाद्या होत्या तिथेच राहिल्या. पुन्हा मेसेज केला, पुन्हा जोडलेले हात आले.

"याला काय म्हणायचं?" मुरलीधर चिडून म्हणाले. "देवाला मखर आणि शेजाऱ्याला गाद्या! म्हणून मी म्हणतो, या सगळ्या धर्माचा माणसाच्या वागण्याशी काडीचा संबंध नाही."

"तुम्ही तर देवाला मखरही देत नाही, आणि खुर्ची टाकलीतच की," सुनेत्राबाई म्हणाल्या. मुरलीधर पेपर वाचू लागले.

गणेशोत्सव आला. हॉल भरला होता. पहिल्या दिवशीच्या आरतीनंतर नंदू रेशमी पीतांबर नेसून, उपरणं सावरत माईकसमोर उभा राहिला आणि आपण परदेशात राहूनही संस्कृती कशी जपली पाहिजे यावर बोलला. चांगलं बोलला. मुलांना नियम पाळायला शिकवा, म्हणाला. थोडा त्रास झाल्याशिवाय भक्ती नाही, असंही म्हणाला. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत सुनेत्राबाई पुढे आल्या.

"नंदूशेठ, काय सुंदर बोललात हो. उद्या सकाळी आमच्या घरच्या गणपतीला या ना. यंदा माझा अनवाणी प्रदक्षिणेचा नेम आहे. तुम्ही पुढे चाललात तर फार बरं वाटेल. मागे आम्ही शेजारीपाजारी येऊ."

इतक्या लोकांसमोर नंदूला नाही म्हणणं शक्यच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याला मनापासून बरंच वाटलं.

घरी येताना मुरलीधर म्हणाले, "सकाळी लवकर उठून गाद्या बाजूला करू या का? निदान वाट तरी राहील."

"हात लावायचा नाही."

"अगं, पण ही देवाच्या कामात लबाडी झाली."

"लबाडी कसली? दर्शन आहे ते."

दुसऱ्या दिवशी रिमझिम पाऊस होता. नंदू वेळेवर आला, तोच पीतांबर नेसून. त्याने गणपतीला मनोभावे नमस्कार केला, बूट काढले आणि विचारलं, "कुठे घालायची प्रदक्षिणा?"

"चला, दाखवते."

मिरवणूक निघाली. पुढे खड्या आवाजात स्तोत्र म्हणत नंदू, मागे सुनेत्राबाई, मग चालायची ढकलगाडी घेऊन ग्लेनिस, मग होदान आणि तिची पोरं. शेवटी दहा पावलं सोडून, संबंध नसलेले मुरलीधर. रस्त्यावर सगळं छान चाललं. पोस्टमन समोरून आला आणि सवयीने बाजूला झाला. कोपऱ्यावरून मंडळी लेनमध्ये वळली.

नंदूने ही बाजू घरं घेताना एजंटच्या फोटोत पाहिली होती, तेवढीच. थोडं पुढे गेल्यावर त्याच्या स्तोत्राचा वेग कमी झाला. समोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाद्यांचा ढीग होता. बाजूने जायला जागा नव्हती. मागे वळावं तर प्रदक्षिणा मोडते, आणि मागे ग्लेनिसची ढकलगाडी. त्याने पीतांबर वर धरला आणि एक पाऊल गादीवर ठेवलं. गादीने फस्सकन आवाज करून आठवडाभर प्यायलेलं सगळं पाणी त्याच्या घोट्यापर्यंत परत केलं.

स्तोत्र थांबलं.

"ही कुणाची घाण?" नंदू ओरडला. "लोकांना काही लाज?"

वरच्या खिडकीत टोस्ट खात एक विद्यार्थिनी उभी होती. खाली आपल्या घरमालकाला पाहून तिने आनंदाने हात हलवला.

"हाय नंदू! गाद्या न्यायला आलात का? तुमचा व्हॅनवाला म्हणाला होता, नंतर नेतो म्हणून. ड्रेस मस्त आहे!"

नंदू गादीवर उभा होता. त्याने वर मुलीकडे पाहिलं, खाली गादीकडे पाहिलं. मग त्याची नजर भिंतीवरच्या मागच्या दारांवरून फिरली आणि त्यातली चार दारं आपली आहेत हे त्याच्या लक्षात येताना सगळ्यांना दिसलं. त्याचा चेहरा इतका पडला की सुनेत्राबाईंना वाईट वाटलं. रात्री अंथरुणात रंगवलेल्या प्रसंगात त्यांना बरीच मजा वाटली होती. आता प्रत्यक्षात पावसात भिजलेला, कपाळावरचं गंध ओघळलेला एक पोरगेला माणूस समोर होता.

"राहू दे नंदू," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी शेठ गाळलं होतं. "माझ्या मागच्या दारातून आत येता येईल. आपण उद्या बघू याचं."

"नको काकू." त्याने ग्लेनिसकडे पाहिलं आणि उपरणं कमरेला बांधलं. "आजी कशा जातील इथून?"

तो वाकला आणि वरच्या गादीचं एक टोक उचललं. दुसरं टोक उचलायला मुरलीधर पुढे धावले, पण "बाबा, तुमचे टाके!" म्हणत होदानने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं आणि स्वतः टोक धरलं. दोघांनी मिळून एकेक गादी नंदूच्याच एका घराच्या अंगणात नेऊन ठेवली. ग्लेनिस ढकलगाडीच्या आसनावर बसून सूचना देत होती. काम होईपर्यंत नंदूचा पीतांबर गुडघ्यापर्यंत काळा झाला होता. मग त्याने हात पुसले आणि स्तोत्र जिथे तुटलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं. या खेपेला आवाज हळू होता आणि ग्लेनिसला झेपेल इतक्याच वेगाने तो चालत होता.

आरतीला खूप उशीर झाला. मोदक गार झाले होते. नंदूने सगळ्यात जास्त खाल्ले.

गाद्या दुसऱ्याच दिवशी गेल्या. आठवड्याने नंदू स्वतः शिडी घेऊन आला आणि आपल्या चारही मागच्या दारांवर चाहूल लागली की पेटणारे दिवे लावले. ग्लेनिसच्या दारावरही एक लावला. मग त्याने लेनचा फोटो काढून फेसबुकवर टाकला आणि वर लिहिलं, बाप्पाच्या प्रेरणेने आम्ही केलेली सेवा. खाली शंभरेक लोकांनी हात जोडले होते.

"आम्ही!" मुरलीधर फोन बायकोसमोर नाचवत म्हणाले. "याने काय केलं? तुझं नाव तरी आहे का यात? होदानचं? ग्लेनिसचं?"

"दिवे लागले ना? ग्लेनिस काल संध्याकाळी एकटी मागे जाऊन आली." सुनेत्राबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि त्या पोस्टला लाइक दिलं. "आणि प्रेरणा बाप्पाचीच होती. त्यात काय चूक लिहिलंय?"

"प्रेरणा माझ्या खुर्चीची होती," मुरलीधर म्हणाले.

कार्तिकात नवस पुरा झाला. त्या दिवशी सुनेत्राबाईंनी देवाला नैवेद्य दाखवला, पाय गरम पाण्यात बुडवून बसल्या आणि बऱ्याच वेळाने त्यांना रडू आलं. मुरलीधरांनी कारण विचारलं नाही. त्यांनी खाली बसून, टॉवेलने त्यांचे पाय पुसून दिले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.

त्यानंतरच्या शनिवारी बेल वाजली. दारात पलीकडच्या रांगेतला गॅरेथ उभा होता, हातात टोपी धरून. त्याची रांग यांच्याहून लांब आणि लेन यांच्याहून वाईट.

"ग्लेनिस म्हणाली तुम्हाला विचारायला," तो अडखळत म्हणाला. "तुमच्या लेनचं काय झालं ते आम्ही पाहिलं. आमच्याकडे कुणी पुढे येत नाही. तर… तुमचा तो हत्ती… म्हणजे, चुकीचं बोलत असेन तर माफ करा… तो आमच्याकडे थोडे दिवस ठेवता येईल का? नाहीतर आमच्याकडे नुसतं चालून उपयोग होईल का?"

मुरलीधरांच्या आयुष्यात इतकी सुरेख संधी क्वचितच आली होती. देव ही कल्पना आहे, मूर्तीचा आणि कचऱ्याचा काही संबंध नाही, माणसांनी ठरवलं तर कुठेही होतं, हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं. त्यांनी तोंडही उघडलं. मग मागे वळून बायकोकडे पाहिलं. ती गॅरेथकडे बघत होती, ते हॉस्पिटलमधून घरी आल्यावर पहिले काही दिवस त्यांच्याकडे बघायची तशी.

"देव मी उसना देत नाही," सुनेत्राबाई म्हणाल्या. "पण मी येते की. तुमच्याकडे घरात कोण आहे?"

"आई आहे. अंथरुणावर असते."

"मग झालं. तिच्याभोवती फिरू."

रविवारी सकाळी ते गॅरेथच्या लेनमध्ये गेले. होदान आली, तिची पोरं आली, नंदू हातमोज्यांचं अख्खं खोकं घेऊन आला आणि आल्याआल्या फोटो काढू लागला. गॅरेथच्या रांगेतले दोघे-तिघे आधी नुसतेच दारात उभे राहून बघत होते. त्यातला एक जाडजूड माणूस, हातात कॉफीचा मग, मुरलीधरांपाशी आला.

"तुम्ही लोक धार्मिक आहात का?" त्याने संशयाने विचारलं.

"मी अजिबात नाही," मुरलीधर म्हणाले, "आणि हे स्पष्ट झालेलं बरं. जरा तेवढं ते टोक धरता का?"

त्या माणसाने कॉफीचा मग भिंतीवर ठेवला आणि मोडक्या वॉशिंग मशीनचं टोक धरलं. दुसरं टोक होदानने धरलं. मुरलीधरांना उचलायची मनाई होती, म्हणून ते बाजूने चालत राहिले आणि आपण नास्तिक का आहोत ते नागपूरच्या कॉलेजपासून क्रमाने सांगू लागले. गोष्ट लांबलचक होती. लेनही तशीच.